एक मण सव्वाएकवीस शेर

दर रविवारी सकाळी सात वाजता पौडच्या भाताच्या गिरणीत एक माणूस स्वतःला तोलून घेत असे. काटा भाताची पोती तोलायचा. आढ्याला लोखंडी दांडी आणि तिला साखळ्यांनी टांगलेली दोन मोठी लाकडी पारडी. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात हा माणूस, अर्धी चड्डी सोडली तर उघडा, मांडी घालून आणि डोळे मिटून बसलेला. नवख्याला वाटावं, कुणीतरी बोललेला नवस फेडतंय, आता समोर गुळाच्या ढेपी येतील. काटा स्थिरावला की गिरणीचे तोलार इस्माईलभाई मोठ्याने आकडा सांगत. मग हा माणूस डोळे उघडायचा, खाली उतरायचा आणि सदरा घालता घालता म्हणायचा, "चला, आनखी येक हप्ता किताब आपल्याकडं."

हा किताब मुष्टियुद्धाचा होता. अखिल हिंदुस्थानचा, व्यावसायिक, फेदरवेट गटातला. फेदर म्हणजे पीस. एकशे सव्वीस पौंडांच्या आतला गडी पिसाच्या वजनाचा, असं विलायतेत कुणीतरी ठरवून ठेवलेलं आहे. आपल्या जुन्या मापात एक मण सव्वाएकवीस शेर. पीस मणाच्या वर भरतं हे ऐकून पौडातल्या लोकांना फार मौज वाटे. मलाही वाटली होती. मी पुण्याच्या पेठेतला. हसू कसं दाबावं हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही.

विकास गटाच्या कचेरीत कारकून म्हणून मी पौडला आलो आणि बाजाराच्या मागे एक खोली घेतली. शेजारची खोली त्यांची. ते गुरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारे ड्रेसर होते. चाळिशी कधीच उलटलेली, उंची बेताची, अंगावर चरबी औषधालाही नाही, आणि डावा कान चुरगळून टाकलेल्या कागदासारखा. सारा गाव त्यांना ‘च्यांपेन’ म्हणायचा. काही जण मानाने म्हणत, बरेचसे टिंगलीने. ते दोघांनाही सारखीच ओ देत.

त्यांचं जन्मगाव मुळशीच्या धरणात गेलं. बापाबरोबर लहानपणीच मुंबई गाठली, गोदीत ओझी वाहिली, आणि तिथेच कुणाच्या तरी संगतीने हातात मुष्टियुद्धाचे मोजे आले. लढाईच्या दिवसांत मुंबई गोऱ्या सोल्जरांनी भरली होती आणि त्यांना संध्याकाळची करमणूक हवी होती. तंबू ठोकून, तिकीट लावून सामने सुरू झाले. सामने म्हटले की किताब आले आणि किताब म्हटले की मंडळ आलं. हे मंडळ तीन माणसांचं होतं: एक इंग्रज कॅप्टन, एक पारशी घड्याळजी आणि गोव्याकडचा एक सेक्रेटरी. रंगूनहून पळून आलेल्या एका अँग्लो-इंडियन गड्याला अकराव्या फेरीत खाली बसवून आमच्या शेजाऱ्यांनी किताब घेतला. ही लढत मी निदान चाळीस वेळा ऐकली. दर वेळी ती अकरा फेऱ्यांचीच असे, हे त्यांच्या बाजूने सांगितलं पाहिजे.

मंडळाने एक कागद दिला. त्यावर लिहिलं होतं की किताब तीनच वाटांनी जाईल: रिंगणात हार झाली तर, काट्यावर वजन जास्त भरलं तर, किंवा आलेलं आव्हान नाकारलं तर. मग स्वातंत्र्य आलं. कॅप्टन विलायतेला गेला, घड्याळजी वारला, सेक्रेटरी आफ्रिकेत नोकरीला गेला. तंबू उठले. आव्हान द्यायला कुणी उरलं नाही आणि किताब काढून घ्यायलाही कुणी उरलं नाही. आमचे शेजारी तो कागद घेऊन मुळशी तालुक्यात परतले. कागद काचेच्या चौकटीत बसवून त्यांनी भिंतीकडे तोंड करून टांगला होता, उन्हाने अक्षरं उडू नयेत म्हणून. कुणी पाहुणा आला की चौकट उलटी करायची, त्याचं वाचून झालं की पुन्हा भिंतीकडे.

"पण मंडळच राहिलं नाही म्हणताय," मी पहिल्या खेपेला म्हणालो. "मग किताब कुठला राहिला?"

"भाऊसाहेब, पाटील मेला म्हून गाव मरतं व्हय?"

"पण तुम्हाला चँपियन म्हणणारं कोण आता?"

"म्हननारं कशाला पायजे? मला हारवणारा पायजे. तो येईस्तवर किताब माझा. तवर वजान राखायचं, येवढंच माझ्या हातात हाय."

तर एवढ्यासाठी तो काटा आणि तो रविवार. बाकीचे सहा दिवस त्या रविवारच्या चाकरीत जात. भाकरी दीड, दोन नाही. भाताच्या मुलुखात राहून, आंबेमोहोराचा वास घराघरांतून येत असताना हा माणूस भात फक्त सोमवारी खायचा. शनिवारी दिवस मावळला की पाणीही बंद. लग्नाला जायचे, अक्षता टाकायचे, आणि पंगत बसायच्या आत चपला शोधायचे. स्वतःचं लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणत, "लगीन केलेल्या मानसाचं वजान वाढतं. बघितलंय मी." यावर वाद घालण्याइतका पुरावा माझ्यापाशी नव्हता.

पहाटे दवाखान्याच्या मागे तुसाने भरलेल्या पोत्यावर ठोसे मारायचे, मग कासार आंबोलीपर्यंत धावत जाऊन परत यायचं. पहिल्या एस.टी.तले लोक खिडकीतून हात करीत. दवाखान्यातही ते मुष्टियोद्धाच असत. मारक्या बैलाला सुई टोचायची असली की डावा पाय पुढे, हनुवटी खांद्यात, आणि डाव्या हाताने सुई अशी जाऊन परत यायची की बैलाला आपल्याला काही झालं हे नंतर कळायचं. गुरांचे डॉक्टर मला एकदा म्हणाले, "पदवी माझ्याकडे आहे, पण बैल यांना ओळखतात."

स्वतःच्या किताबाखेरीज त्यांना साऱ्या जगाच्या किताबांची काळजी होती. एक जाडजूड रजिस्टर होतं, त्यात आठ वजनांची आठ पानं. प्रत्येक पानावर एकाखाली एक नावं. ज्याने ज्याला हरवलं त्याचं नाव खाली आणि मध्ये बाण. पुण्याचं वर्तमानपत्र दहाच्या गाडीने यायचं. त्यातला खेळांचा मजकूर ते आधी वाचायचे. बाकीच्या जगात काय घडलं ते मी सांगायचो. एखादा जगज्जेता न हरता निवृत्त झाला की त्यांचा दिवस वाईट जायचा. "हारून जायचं की रं," असं त्या लांबच्या माणसाला उद्देशून पुटपुटायचे. "आता म्होरल्यानं कुनाकडनं घ्यायचा?" मग पानावर एक ओळ रिकामी सोडायचे.

अमेरिकेत दोन मंडळं झाली आणि एकाच वजनाचे दोन जगज्जेते निघाले, तेव्हा मात्र त्यांची झोप उडाली. एका मंडळाने कसलंसं कारण काढून न हरलेल्या माणसाचा किताब काढून घेतला आणि दुसऱ्यालाच जगज्जेता केलं. दुसरं मंडळ पहिल्याच माणसाला मानत होतं. यांच्या पानावर बाण कुठे काढायचा?

"येका गावाला दोन पाटील केलं," ते म्हणाले, "की भांडनं पाटलांची व्हत न्हाईत, गावाची व्हतात. भाऊसाहेब, इंग्रजी कागद काढा. दोगांना बी लिवायचं."

मी दोन पत्रं लिहिली. माझं इंग्रजी रजेच्या अर्जापुरतं होतं, पण मजकूर रोखठोक होता: न हरलेल्या माणसाचा किताब खुर्चीत बसून काढता येतो काय, याचा खुलासा व्हावा. पुढे कितीतरी महिन्यांनी एका मंडळाकडून जाड पाकीट आलं. आत नियमांचं छापील पुस्तक आणि आस्थेबद्दल आभार मानणारी चिठ्ठी. पौडच्या पोस्टात त्या दिवशी पाकीट बघायला रांग लागली. दुसऱ्या मंडळाने काहीच कळवलं नाही. गंमत अशी की, उत्तर देणारं मंडळ हे खुर्चीत बसून किताब काढणारं होतं.

चौथ्या दिवशी रजिस्टर उघडून त्यांनी न हरलेल्या माणसाचंच नाव कायम केलं.

"त्यांनी उत्तर दिलं, मानसं चांगली हायेत," ते म्हणाले. "पन चांगुलपनानं किताब देत्यात व्हय?"

हे वाक्य मी तेव्हा ऐकलं, मान डोलावली आणि विसरून गेलो.

त्यांच्या या तत्त्वनिष्ठेचा तडाखा एकदा कासार आंबोलीच्या जत्रेलाही बसला. कुस्त्यांच्या आखाड्यात त्यांना पंच केलं. यांनी आल्या आल्या जाहीर केलं की वजन केल्याशिवाय कुस्ती लागणार नाही. आपल्याकडे पंच दोघा पैलवानांचे खांदे चाचपतो, मांड्या बघतो, आणि जोड लावून मोकळा होतो. यांनी बैलगाडीतून गिरणीचा काटा आणवला, आंब्याच्या फांदीला टांगला आणि पैलवानांना एकेक करून पारड्यात बसवायला सुरुवात केली. लंगोट लावलेले, अंगाला माती फासलेले साठ-सत्तर गडी रांगेत उभे. हलगीवाला वाजवून वाजवून दमला आणि बिडी ओढत बसला. भूगावचा एक नामांकित पैलवान पारड्यात बसला तेव्हा फांदीच मोडली. दिवस मावळेपर्यंत वजनं झाली आणि चार कुस्त्या झाल्या.

"च्यांपेन, आमी काय भात इकाया आलोय व्हय?" एक म्हातारा ओरडला.

"अडीच मनाचा गडी दीड मनाच्या पोराच्या छातीवर बसवायचा आनि वर नारळ द्यायचा? ही कुस्ती न्हाई, पाप हाय," यांनी उलट उत्तर दिलं. पुढच्या वर्षी त्यांना बोलावणं आलं नाही. आलं नाही याचं त्यांना आश्चर्य वाटलं.

मण-शेर जाऊन किलो आले तेव्हा त्यांनी माझ्या कचेरीतला तक्ता मागून नेला. एकशे सव्वीस पौंडांचे सत्तावन्न किलो आणि वर दीडशे ग्रॅम होत होते. वरच्या दीडशे ग्रॅमवर त्यांनी स्वतःहून पाणी सोडलं. "उगं कुनी बोट दाखवाया नको," म्हणाले. सत्तावन्न म्हणजे सत्तावन्न.

आता माझ्या वाटणीची गोष्ट सांगायला हवी.

एका पावसाळ्यात त्यांना टायफॉइड झाला. उठले ते हाडांचा सापळा होऊन. डॉक्टरांनी दूधभात खायला लावला, आणि शरीराने इतक्या वर्षांचा उपास जणू लक्षात ठेवला होता. ते भराभर भरलं आणि भरतच राहिलं. वयही झालं होतं. पूर्वी शनिवारच्या उपासाने भागायचं, आता गुरुवारपासून अन्न बंद करावं लागे. दोन रविवार ते कसेबसे सत्तावन्नावर आले. त्यानंतरच्या शुक्रवारी दवाखान्यात एका बैलाच्या पायांतच चक्कर येऊन पडले. बैल शहाणा, पाय उचलला नाही. डॉक्टर मला म्हणाले, "तुमच्या मित्राला समजवा. असंच चाललं तर दिवाळी बघायचे नाहीत."

समजावून काय होणार होतं? मी इस्माईलभाईंना गाठलं. वजनांच्या पारड्याखाली दोन किलोचं लोखंड बांधायचं, म्हणजे एकोणसाठचा माणूस सत्तावन्न भरेल, असं सुचवलं. कल्पना माझी, हे नीट नोंदवून ठेवतो.

इस्माईलभाई घाबरलेच. "काट्यात खोट? भाऊसाहेब, माझा बाप ह्याच काट्यावर तोलार व्हता. येका शेतकऱ्याचं पसाभर भात कधी मारलं न्हाई आमी."

"भातासाठी नाही हो. यांच्यापुरतं."

ते दोन दिवस विचार करीत राहिले. मग म्हणाले, "फकस्त आयतवारी. सातच्या आदी बांधीन, काम झालं की सोडीन. भाताच्या पोत्याला ते लोखंड लागनार न्हाई." नांगराचा जुना फाळ त्यांनी गोणपाटात गुंडाळला आणि पारड्याच्या तळाला सुतळीने आवळला.

तीन वर्षं तो फाळ दर रविवारी बांधला जात होता. आकडा साडेछप्पन, कधी सत्तावन्नाला टेकला तर ते पुढच्या आठवड्यात भाकरी कमी करीत आणि पुन्हा साडेछप्पन. त्यांच्या गालांवर थोडं मांस आलं. एका दिवाळीला त्यांनी माझ्या खोलीत बसून अख्खा लाडू खाल्ला आणि म्हणाले, "वय झालं की अंग आपसूक हलकं व्हतं बगा." मी आणि इस्माईलभाई एकमेकांकडे बघायचो आणि आपण फार पुण्य जोडतोय असं आम्हाला वाटायचं. खोटं कशाला बोलू, अगदी बरं वाटायचं.

मग ते पत्र आलं. मुंबईहून, शिसपेन्सिलीने इतकं पुसट लिहिलेलं की त्यांना ते लागेना. लिहिणारा तेविशीचा मुलगा होता. मुंबईत व्यावसायिक मुष्टियुद्धाचं एक नवं मंडळ निघालं होतं आणि त्याने याला फेदरवेटचा चँपियन म्हणून जाहीर केलं होतं. मी पत्र मोठ्याने वाचलं: ‘मला मंडळाने चँपियन केलं, पण मी कुणाला हरवून झालो नाही. तालमीतली पोरं मला कागदी चँपियन म्हणतात. जुनी माणसं सांगतात, किताब अजून तुमच्याकडे आहे, तुम्ही हरलाच नाहीत. तो मला तुमच्या हातून घ्यायचा आहे. म्हणाल तेव्हा, म्हणाल तिथे येतो.’

त्यांनी पत्र माझ्याकडून तीन वेळा वाचून घेतलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही.

"मानूस आला, भाऊसाहेब. शेवटी मानूस आला."

"अहो, तो तेवीस वर्षांचा आहे. तुम्ही हराल."

"हारीन की! हारायसाठीच तर वजान राखून बसलोय. पन रिंगनात हारीन, त्याच्या हातानं. त्या पोराला बी कळंल किताब कसा लागतो हाताला, आनि मी बी सुटंन."

दोन महिन्यांनंतरचा रविवार ठरला. ते आंबोलीच्या पुढे धावत जाऊ लागले. इस्माईलभाई आणि मी रोज संध्याकाळी भेटायचो आणि रोज ठरवायचो की उद्या सांगून टाकू. उद्या झाला की दोघेही मूग गिळून बसायचो. अखेर इस्माईलभाईंनी एक तोड काढली: च्यांपेन उतरले की साखळीला तेल घालायच्या निमित्ताने वाकायचं आणि फाळ सोडून घ्यायचा, म्हणजे पोराचं वजन खरं होईल. एवढ्या अकलेवर आम्ही निर्धास्त झालो.

त्या रविवारी गिरणीच्या खळ्यात चार मेढी रोवून बैलांच्या कासऱ्यांचं रिंगण बांधलं होतं. चांद्यापासून भूगावपर्यंतचे लोक जमले होते. पोरगा पहिल्या गाडीने आला. सडपातळ, अदबशीर, आल्या आल्या यांच्या पाया पडला. वजन गिरणीच्या आत झालं. आत आम्ही चौघंच.

आधी हे बसले. इस्माईलभाईंनी आकडा सांगितला, साडेछप्पन. "अर्दा किलो खालीच," हे खुशीत म्हणाले आणि उतरून काट्याची साखळी हातात धरूनच उभे राहिले. इस्माईलभाई तेलाचं डबडं घेऊन पुढे झाले.

"काय करतूस?"

"तेल... साखळीला."

"दोन वजनांच्या मदी काट्याला हात न्हाई लावायचा. नियम हाय. बस रं पोरा."

पोरगा बसला. पंचावन्न. तो हसायलाच लागला. "चाचा, काटा चुकतोय तुमचा. काल मी मुंबईत बरोबर सत्तावन्न होतो."

हे एकदम तापले. "मुंबईचा काटा चुकत आसंल. पौडात इस्माईलच्या काट्याला आजवर कुनी नाव न्हाई ठेवलं. सांग रं इस्माईल त्याला."

इस्माईलभाई जमिनीकडे बघत होते. च्यांपेननी माझ्याकडे पाहिलं. मी दाराकडे पाहत होतो. मग च्यांपेनच वाकले, वजनांच्या पारड्याखाली हात घातला, सुतळी तोडली आणि गोणपाट उलगडून फाळ हातावर तोलला.

"किती दिस?"

"तीन वर्सं," इस्माईलभाई म्हणाले.

च्यांपेन पुन्हा पारड्यात बसले. साडेअठ्ठावन्न. पोरगा बसला. सत्तावन्न, चोख.

"अमेरिकेत दोन मंडळं व्हती," ते म्हणाले. "तिसरं हितं गिरनीत चाललं व्हतं, आनि मलाच ठावं न्हाई."

"दादा, दीड किलोचं काय घेऊन बसलात?" पोरगा काकुळतीला आला. "बाहेर लोक थांबलेत. आपण खेळू."

"खेळू की. पन किताब न्हाई त्यात. त्यो तीन वर्सांमागंच ह्या काट्यावर गेलाय. माझ्याकडं असता तर दिला असता तुला."

"मग मी आता कुणाकडून घेऊ?"

त्यांनी पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघे बाहेर गेले.

सहा फेऱ्या झाल्या. पोरगा हात राखून मारत होता आणि हे सगळं अंग टाकून खेळत होते. शेवटपर्यंत उभे राहिले. लोकांना आतलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी गुलाल उधळला, यांना खांद्यावर घेतलं, आणि ज्यांनी आयुष्यभर टिंगल केली तेच आता बेंबीच्या देठापासून ‘च्यांपेन, च्यांपेन’ ओरडू लागले. खांद्यावरून उतरल्यावर त्यांनी तोंडावरचा गुलाल पुसला आणि दवाखान्यात निघून गेले, तिथे एक म्हैस अडली होती. पोरगा दुपारच्या गाडीने परत गेला. मी त्याला तिकीट काढून देत होतो, ते त्याने घेतलं नाही.

चार दिवस त्यांचं दार माझ्याकरता बंद होतं. पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेलो. एका बैलाचा खांदा जुवाने सोलवटला होता आणि ते त्यावर मलम लावत होते.

"माझं चुकलं," मी म्हणालो. "तुमचे हाल बघवले नाहीत, म्हणून केलं."

"त्याचं काय न्हाई," ते बैलाकडे बघत म्हणाले. "मरताना कुनी बघवत न्हाई. फाळ बांधलात, बांधलात. पन पत्तर तुमीच वाचून दावलं मला. तितनं फुडं दोन म्हैनं व्हतं. दोन किलो मी त्यात हासत उतरवलं आसतं, भाऊसाहेब. तवा का न्हाई सांगितलं?"

कारण मला ठाऊक होतं. ते इतकं लहान होतं की तोंडातून काढायची लाज वाटली.

"तुम्ही रागवाल असं वाटलं."

त्यांचा हात थांबला. त्यांनी पहिल्यांदा वळून माझ्याकडे पाहिलं.

"येवढंच?"

"एवढंच."

"रागावलो आसतो की," ते म्हणाले. "दोन दिस."